प्लगइन अद्ययावत झाल्यानंतर बंद पडलेल्या संकेतस्थळाविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांस,

साष्टांग नमस्कार.

संकेतस्थळ आता व्यवस्थित सुरू आहे. बाबांचे भौतिकशास्त्राचे सर्व पाठ उघडत आहेत, पाठांखालच्या फॉर्ममधून विद्यार्थ्यांची उत्तरे जमा होत आहेत आणि बिघाडाच्या काळात जी उत्तरे पोचली होती ती सगळी डेटाबेसमध्ये सुरक्षित आहेत. उत्तरपत्रिकेची पीडीएफ प्रत काढून देणारी सोय मात्र मी तूर्त बंद ठेवली आहे. ती का बंद ठेवली आणि बाकीचे कसे सुरू झाले, हे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले, कारण संकेतस्थळ रोज तुम्ही दोघे चालवता आणि पुन्हा असा प्रसंग आला तर पहिला निर्णय तुम्हालाच घ्यावा लागणार आहे.

त्या दिवशी बाबा म्हणत होते की पाठाच्या पानावर "या संकेतस्थळावर गंभीर त्रुटी आली आहे" एवढेच वाक्य दिसते, आणि आई, तू म्हणत होतीस की तेच पान तुझ्या फोनवर नीट दिसते आहे. तुम्हा दोघांचेही म्हणणे खरे होते. आपली होस्टिंग कंपनी, म्हणजे संकेतस्थळ जिच्या सर्व्हरवर ठेवले आहे ती, प्रत्येक पानाची तयार प्रत सर्व्हरवर ठेवते आणि साध्या वाचकाला तीच प्रत दाखवते. यालाच कॅशे म्हणतात. बाबा मात्र व्यवस्थापक म्हणून लॉग-इन केलेले असतात, आणि लॉग-इन केलेल्या माणसाला कॅशेतील प्रत न दाखवता पान दर वेळी नव्याने तयार करून दिले जाते. म्हणून बिघाड त्यांना लगेच दिसला आणि तुला दिसला नाही. विद्यार्थ्यांचेही तसेच झाले. ज्यांनी नेहमी उघडले जाणारे पाठ उघडले त्यांना काही जाणवले नाही, आणि ज्यांनी क्वचित वाचला जाणारा, म्हणजे कॅशेत नसलेला पाठ उघडला त्यांना कोरी त्रुटी दिसली. तेव्हा "मला तर दिसते आहे" असे कोणी म्हटले तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. बाबांनी लॉग-इन करून आणि आईने ब्राउझरच्या खासगी खिडकीत, असे एकच पान दोन्ही प्रकारे पाहावे. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा निरर्थक शब्द जोडला तरी बहुतेक वेळा कॅशे टळते आणि पानाची खरी अवस्था कळते.

आता मूळ कारण. आपले संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालते त्या वर्डप्रेसमध्ये प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम, आपोआप अद्ययावत होण्याची सोय २०२० साली आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून आहे, आणि आपल्याकडे ती सर्व प्लगइनांसाठी सुरू होती. त्यानुसार आदल्या रात्री फॉर्मचे प्लगइन नव्या मोठ्या आवृत्तीवर गेले. त्या आवृत्तीत लेखकांनी एक जुने फंक्शन, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारा कोडचा तुकडा, काढून टाकले. आपण पीडीएफसाठी वापरतो ते छोटे ॲड-ऑन, म्हणजे फॉर्मच्या प्लगइनला जोडलेले प्लगइन, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले आहे आणि ते अजूनही त्याच जुन्या फंक्शनला हाक मारत होते. हाक मारली, पण ते फंक्शनच नाही, म्हणताच पीएचपीने, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिने, पुढचे काम सोडून दिले आणि पान अर्ध्यात थांबले.

हे मला एरर लॉगमधून, म्हणजे सर्व्हर ठेवतो त्या त्रुटींच्या नोंदवहीतून, कळले. होस्टिंग कंपनीच्या नियंत्रण पटलावर लॉगचा वेगळा विभाग आहे, आणि बाबा, तुम्ही तो एकदा उघडून पाहावा अशी माझी फार इच्छा आहे. तिथे "पीएचपी फेटल एरर: अनकॉट एरर: कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन" अशी ओळ होती, तिच्यापुढे फंक्शनचे नाव, मग फाइलचा लांबलचक मार्ग आणि शेवटी ओळीचा क्रमांक. त्या मार्गात "प्लगइन्स" या शब्दानंतर जे नाव येते, त्या प्लगइनमध्ये गाडी अडली असे समजावे. त्या ओळीसमोरची वेळ तुमच्या घड्याळाशी जुळणार नाही, कारण या नोंदी सहसा जागतिक प्रमाणवेळेत असतात; तेवढ्यामुळे ती नोंद दुसऱ्याच कशाची आहे असे समजून सोडून देऊ नका. आपल्या लॉगमध्ये नाव होते ते पीडीएफच्या ॲड-ऑनचे. पण त्या ॲड-ऑनमध्ये कित्येक महिन्यांत एक अक्षरही बदललेले नव्हते. बदलले होते ते फॉर्मचे प्लगइन, आणि त्याचे नाव त्या ओळीत कुठेच नव्हते. नुसती ती ओळ वाचून ॲड-ऑनला दोष दिला असता तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे झाले असते. म्हणून लॉगमधील नाव आणि अलीकडे काय अद्ययावत झाले त्याची यादी, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा.

बाबांनी विचारले होते की वर्डप्रेस बिघडलेले अपडेट स्वतःहून मागे घेते असे ऐकले होते, मग या वेळी का घेतले नाही? ऐकलेले बरोबर आहे. २०२४ साली आलेल्या ६.६ या आवृत्तीपासून आपोआप झालेल्या प्लगइन-अपडेटनंतर वर्डप्रेस तपासणी करते आणि घातक त्रुटी आढळली तर प्लगइनची आधीची आवृत्ती परत बसवते. पण ती तपासणी मुखपृष्ठ उघडून केली जाते. आपल्या मुखपृष्ठावर फॉर्म नाही, त्यामुळे तिथे ते ॲड-ऑन कामाला लागलेच नाही, मुखपृष्ठ व्यवस्थित उघडले आणि अपडेट यशस्वी ठरले. बिघाड आतल्या पानांवर होता आणि तिथे कोणी पाहिलेच नाही.

दुसरी एक सोय मात्र आपल्या कामी यायला हवी होती. २०१९ च्या ५.२ या आवृत्तीपासून व्यवस्थापनाच्या किंवा लॉग-इनच्या पानावर अशी त्रुटी आली की वर्डप्रेस व्यवस्थापकाच्या ईमेलवर एक पत्र पाठवते. त्यात कोणत्या प्लगइनमध्ये त्रुटी आली ते लिहिलेले असते आणि रिकव्हरी मोडचा दुवा असतो. त्या दुव्यावरून आत गेले की ते प्लगइन केवळ तुमच्यापुरते थांबवले जाते, त्यामुळे व्यवस्थापनाचे पटल उघडत नसले तरी उघडते. हा दुवा साधारण एक दिवस चालतो. ते पत्र गेले होते, पण बाबांनी आता वापरणे सोडलेल्या जुन्या पत्त्यावर गेले. सेटिंग्जमधील 'सामान्य' या पानावर तो पत्ता बदलता येतो. पत्ता बदलल्यावर नव्या पत्त्यावर खातरजमेचे पत्र येते आणि त्यातील दुव्यावर टिचकी मारेपर्यंत जुनाच पत्ता लागू राहतो, एवढे लक्षात असू द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला फोनवर इतक्या आग्रहाने थांबवले, तिच्याविषयी. कंपनीच्या मदत कक्षाने रात्रीचा बॅकअप पुन्हा बसवून देण्याची तयारी दाखवली होती. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. संकेतस्थळ बंद आहे अशी तक्रार आली की सर्वात लवकर होणारा उपाय तोच. पण बॅकअपमध्ये फाइली आणि डेटाबेस दोन्ही असतात, आणि पूर्ण बॅकअप बसवला की डेटाबेसही त्या क्षणावर परत जातो. कॅशेतील पाठ वाचून सकाळपासून ज्या विद्यार्थ्यांनी उत्तरे पाठवली होती, ती सगळी डेटाबेसमध्ये बॅकअपनंतर आली होती. ती पुसली गेली असती आणि पाठवणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नसता. आई, त्या उत्तरांसाठी तू एकेका मुलाला किती वेळा आठवण करून देतेस हे मी पाहिले आहे, म्हणून माझा जीव त्यात अडकला होता. पूर्ण बॅकअप हा शेवटचा उपाय आहे. तो करावाच लागला तर आधी सध्याच्या स्थितीचा नवा बॅकअप घ्यावा आणि जमा झालेली उत्तरे फॉर्मच्या प्लगइनमधून फाइलच्या रूपात उतरवून घ्यावीत.

मग फक्त फॉर्मच्या प्लगइनची जुनी आवृत्ती का बसवली नाही, असे तुम्ही विचाराल. मीही आधी तोच विचार केला आणि स्टेजिंगवर, म्हणजे कंपनीने चाचणीसाठी दिलेल्या प्रतीवर, ते करून पाहिले. नव्या आवृत्तीने अपडेट होताना डेटाबेसमधील उत्तरांच्या तक्त्यांची रचनाही बदलली होती. फाइली जुन्या झाल्या तरी तक्ते नवेच राहिले, आणि जुन्या आवृत्तीला ते वाचता येईनात. बिघाड वेगळा झाला, पण गेला नाही. त्या मानाने पीडीएफचे ॲड-ऑन निष्क्रिय करणे अगदी सोपे होते. ते बंद करताच सर्व पाठ उघडले. निष्क्रिय केल्याने त्याच्या सेटिंग्ज पुसल्या जात नाहीत, प्लगइन हटवले तर मात्र जाऊ शकतात. त्यामुळे कृपया 'हटवा' या शब्दाकडे वळू नका. लॉगमधील ती ओळ मी ॲड-ऑनच्या लेखकाला पाठवली आहे आणि नवी आवृत्ती आली की आधी स्टेजिंगवर तपासून मगच ते सुरू करू.

व्यवस्थापनाचे पटलही उघडत नसेल आणि ईमेलही आला नसेल, तर कंपनीच्या फाइल व्यवस्थापकातून प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये जाऊन दोषी प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलावे. फोल्डर सापडला नाही की वर्डप्रेस ते प्लगइन बाजूला ठेवते. हे काम बाबांना नक्की जमेल.

दुरुस्तीनंतरही दुपारी काही मुलांचे 'पाठवा' हे बटण चालत नव्हते, त्याने तुम्ही घाबरलात, पण तो बिघाड नवा नव्हता. त्यांच्यापर्यंत कॅशेतील जुनी पाने पोचत होती, आणि प्रत्येक फॉर्ममध्ये सुरक्षेसाठी जी खूण दडवलेली असते ती वर्डप्रेसमध्ये फार तर २४ तास चालते. पान शिळे झाले की खूण बाद होते आणि फॉर्म नाकारला जातो. म्हणून दुरुस्ती झाली की ऑब्जेक्ट कॅशे (डेटाबेसमधून वाचलेल्या माहितीची साठवण), सर्व्हरवरील पानांची कॅशे आणि सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारे सर्व्हरांचे जाळे) वापरत असल्यास त्याची कॅशे, या क्रमाने रिकाम्या कराव्यात आणि मगच आपल्या ब्राउझरची. उलट क्रमाने केले तर शिळी प्रत पुन्हा खाली उतरते.

बाबांची तक्रार होती की व्यवस्थापित सेवेचे शुल्क देऊनही हे आपल्यालाच का निस्तरावे लागले. सर्व्हर, पीएचपीची आवृत्ती, सुरक्षा, बॅकअप आणि वर्डप्रेसचा गाभा हे त्यांच्याकडे आहे. आपण कोणती प्लगइने निवडली आणि ती एकमेकांशी कशी वागतात हे आपल्याकडे. मला ही वाटणी रास्त वाटते, कारण पीडीएफचे ॲड-ऑन आपल्यासाठी किती महत्त्वाचे आहे हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नाही. मात्र मदत कक्षाने बॅकअप सुचवताना त्यानंतरची उत्तरे जातील हे स्पष्ट सांगायला हवे होते, आणि तसे मी त्यांना कळवले आहे. पुढे कधी त्यांना लिहाल तेव्हा "साइट चालत नाही" एवढेच लिहू नका. कोणते पान, किती वाजता, पडद्यावर नेमके कोणते शब्द दिसले, त्याआधी काय अद्ययावत झाले आणि लॉगमधील ओळ, एवढे दिले की पहिल्याच उत्तरात कामाचे काही मिळते.

अपडेट कायमचे बंद करावेत असा विचार आईने बोलून दाखवला, त्याला माझा ठाम विरोध आहे. जुन्या प्लगइनांतील सुरक्षेच्या त्रुटी जगजाहीर होतात आणि त्या शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम लहान संकेतस्थळेही सोडत नाहीत. मी फक्त फॉर्मचे प्लगइन आणि पीडीएफचे ॲड-ऑन या दोघांचे आपोआप होणारे अपडेट थांबवले आहे, बाकीच्यांचे चालू आहे. या दोघांचे अपडेट आले की बाबांनी स्टेजिंगवर ते करून मुखपृष्ठ न पाहता एखादा पाठ उघडावा, एक खोटे उत्तर पाठवून पाहावे आणि सारे ठीक असेल तर मूळ संकेतस्थळावर तेच अपडेट पुन्हा करावे. स्टेजिंगची संपूर्ण प्रत मूळ संकेतस्थळावर ढकलण्याचे बटणही तिथे आहे, ते वापरू नये, कारण त्यासोबत स्टेजिंगचा जुना डेटाबेस येतो आणि आपण वाचवलेली उत्तरे पुन्हा धोक्यात येतात.

आता तुमच्याकडून दोन कामे हवी आहेत. बाबांनी तो ईमेल पत्ता बदलून मला कळवावे. आई, त्या दिवशी ज्या मुलांना त्रुटी दिसली असेल त्यांना उत्तरे पुन्हा पाठवण्यास तू सांग. पोचलेल्या उत्तरांची यादी मी तुला वेगळी पाठवली आहे, तिच्यात ज्यांचे नाव नाही त्यांनाच लिहावे लागेल.

तुमची लेक