बाळ्या, काकांना घरी सोडू का?

प्रिय बाळ्या,

खूप दिवसांत पत्र नाही, तू रागावला असशील, राग बरोबरच आहे. तब्येत ठीक. पण कालच्या ड्युटीत शुद्ध हरपून पडलेले दोघं आले, त्यांचं तुला सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

आधी एक कॉलेजातली मुलगी आली. रांगेत बराच वेळ उभी होती, मळमळलं, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली आणि पडली. पडल्यावर हातपाय थोडे झटकले म्हणून घरच्यांना वाटलं फिट आली. जीभ चावलेली नाही, शुद्धीवर आल्या आल्या नीट बोलत होती, उभं करून बीपी बघितलं, ईसीजी नॉर्मल. आई रडत होती, ॲडमिट करा, डोक्याचा सीटी काढा. मी बसून समजावलं की डोक्याला मार नाही, हातापायाची ताकद गेलेली नाही, मग सीटीत बहुतेक काही सापडत नाही. पुन्हा तसं वाटलं तर लगेच आडवं व्हायचं, जमलं नाही तर पायात पाय अडकवून मुठी घट्ट आवळायच्या. सोडलं घरी.

मग ते काका. साठी ओलांडलेले, खुर्चीत बसून टीव्ही बघताना एकदम मान टाकली, ना घाम ना चक्कर, आणि मिनिटाच्या आत जागे होऊन विचारतात सगळे का जमलात? त्यांना घरी जायची घाई, आणि मी त्यांनाच धरून ठेवलं. ईसीजीत राईट बंडल ब्रँच ब्लॉक, वर लेफ्ट ॲन्टिरिअर हेमिब्लॉक, म्हणजे हृदयात वीज खाली नेणाऱ्या तीन वाटांपैकी दोन अडलेल्या. रात्रभर मॉनिटर लावला, एक ठोका इकडचा तिकडे नाही. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं चांगलं. सकाळी मुलगा म्हणतो मग ठेवलंत कशाला, आणि सर म्हणतात बेड हवाय, डिस्चार्ज कर. पण बाळ्या, उरलेली वाटही मधूनच अडून ठोके थांबले तर? असा पूर्ण ब्लॉक येऊन-जाऊन असतो ना, एक रात्र शांत गेली म्हणून पुढची जाईल असं कोण सांगणार?

आणि आठवतंय, शुद्ध हरपलेल्या पेशंटला किती धोका ते ठरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को रूलवरून आपण मेसमध्ये केवढे भांडलो होतो, तुझे कान लाल, लंबू मध्ये पडून दोघांच्या शिव्या खातोय? तू म्हणायचास आकड्यावर विश्वास ठेव. काल काकांचा कॅनेडियन स्कोअर काढला, तोही तसलाच धोक्याचा हिशोब. ॲक्सिसचा (हृदयातल्या विजेची दिशा कललेली) 1, क्यूआरएस (ईसीजीतली ठोक्याची लहर) 130 मिलिसेकंदांच्या वर म्हणून 1, झाले 2, म्हणजे मध्यम धोका. पण डॉक्टरला कारण हृदयाचं वाटलं तर आणखी 2, झाले 4, थेट वरच्या गटात! म्हणजे तुझ्या आकड्यातही शेवटी पेशंटची हकिगत ऐकून बनवलेलं मतच निम्मं आहे, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो.

सरांकडून उद्यापर्यंतची मुदत मागून घेतलीये. माझं मत, ईपी स्टडी (हृदयात तारा घालून विजेची वाट तपासणं) करूनच सोडावं, एचव्ही (त्या वाटेने वीज खालच्या कप्प्यांत पोचायचा वेळ) 70 मिलिसेकंद किंवा वर आला तर पेसमेकर, नाहीतर लूप रेकॉर्डर, म्हणजे कातडीखाली बसवून ठोके नोंदवत राहणारं छोटं यंत्र. घरचे म्हणतायत हिंडते-फिरते आहेत, कशाला टोचाटोची. त्यांचं मन मला कळतं रे, पण हेच काका गाडी चालवताना मान टाकतील हे डोक्यातून जात नाही.

तुझं नवीन घर लागलं का? वहिनींना नमस्कार, पिल्लाचा फोटो पाठव, दात आले म्हणे.

ईसीजीचा फोटो नाव झाकून पाठवतोय. पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज जायचा वेळ) तू स्वतः मोज, मला लांबलेला वाटतोय. कितीही उशीर झाला तरी रात्री फोन कर, सकाळी राउंडच्या आधी मला सरांशी बोलायचंय.

तुझा,
दाद्या