मित्रांसाठी एप्रन शिवण्यापूर्वी

चि. मुलास अनेक आशीर्वाद.

तुझा एप्रन पाहून मित्रमंडळींनी आपल्यालाही तसाच हवा म्हणून लकडा लावला आहे, आणि तू सर्वांसाठी एकाच मापाचे कापड बेतायला बसणार आहेस, असे तुझ्या पत्रावरून कळले. कात्री हातात घेण्याआधी हे वाचावेस.

एप्रनला माप लागत नाही, हा समज सोडून दे. गळ्यातली पट्टी थोडी जरी लांब झाली तरी छातीवरचा भाग खाली ओघळतो आणि नेमके जिथे शिंतोडे उडतात तिथलाच सदरा उघडा पडतो. म्हणून ती पट्टी पक्की टिपण्याआधी ज्याच्यासाठी शिवतोस त्याच्या गळ्यात टाचणी लावून पाहा, आणि ते शक्य नसेल तर एका टोकाला दोन कड्या लाव, म्हणजे ज्याची उंची त्याला ठरवता येईल. कमरेच्या बंदांत काटकसर नको. प्रत्येक बंद सुमारे ९० सेंटीमीटर ठेवलास, तर बहुतेकांना तो मागून फिरवून पुढे गाठ मारता येते, आणि हात ओले असताना पाठीमागची गाठ चाचपडत सोडवावी लागत नाही. मित्र डावखुरा असेल तर रुमालाचा खिसा डाव्या बाजूला घे.

सुती कापड बेतण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचेच. कोरे कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटते, आणि ते मित्राच्या घरी आटले तर नाव तुझ्या शिवणीचे खराब होते. बेतताना उभा धागा काठाला समांतर राहील असे पाहा, नाहीतर धुतल्यावर एप्रन एका बाजूला पिळवटतो.

बगलेकडचा गोलवा तिरका कापला जात असल्यामुळे ओढला की लांबतो. कापल्याबरोबर कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर एक साधी टीप मार, मग कडेला उरेबपट्टी, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी, लाव. ४५ अंशात कापलेली चार सेंटीमीटरची पट्टी चौपदरी दुमडली की एक सेंटीमीटरची सुबक कड मिळते. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर छोटा त्रिकोण टिपून घे आणि शक्य तर आतून कापडाचा तुकडा लाव, कारण हात घालताना सगळा ताण तिथेच येतो आणि एप्रन फाटतो तोही बहुधा तिथूनच. (रंगीबेरंगी दोऱ्याची नक्षी मात्र मला बिलकूल आवडत नाही, पण एप्रन तुझे आहेत.)

सदरा मागणाऱ्यांना तूर्त गोड बोलून नाही म्हण. कॉलर आणि बाही बसवणे हे निराळे काम आहे, ते आधी स्वतःच्या कपड्यांवर साधू दे. स्वतःचे माप स्वतः घेताना वाकावे लागते आणि आकडे चुकतात; त्यापेक्षा अंगाला नीट बसणारा जुना सदरा सपाट पसरून त्यावरून माप घे. अंगावरूनच छाती मोजायची झाली, तर त्यात आठ ते दहा सेंटीमीटर सैलपणा धर, आणि बाजूच्या शिवणींत अडीच सेंटीमीटर माया, म्हणजे टिपेबाहेरचे जादा कापड, सोड, म्हणजे घट्ट झाला तर उसवून वाढवता येईल.

कापड जाड ड्रिलचे आणले असशील तर १६ नंबरची सुई लाव. पहिला एप्रन कोणाचा करणार आहेस आणि त्याची उंची किती, हे उलट टपाली कळव, म्हणजे छातीवरच्या भागाचा कागदी आराखडा मी कापून पाठवीन.

तुझी,
आई