फोटो काढणारा कोण, वाचणारा कोण?

महोदय,

गेल्या आषाढात आई जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे मशीन होतं, चालवणारा टेक्निशियन मात्र रजेवर. मग भर पावसात गाडी करून रत्नागिरी गाठली. तिथे एका तरुण मुलीने आईचा सुजलेला पाय इतक्या अलगद फिरवला, की आई 'आई गं' म्हणायच्या आत फोटो निघालासुद्धा! तिच्या खिशाला छोटा बॅज होता. अंगावर किती किरणं पडली याची नोंद त्यात होते आणि दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो, असं तिने सांगितलं.

आमच्याकडे बारावी सायन्स झालं की नर्सिंग, डी. फार्म, नाहीतर मुंबई. एक्स-रे विभागातल्या कामाचं नावच निघत नाही. निघालं तरी फोटो काढणारा टेक्निशियन आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट यांच्यात गल्लत ठरलेली. रेडिओलॉजिस्ट हा डॉक्टर: साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं एमडी. टेक्निशियनला एमबीबीएस लागत नाही, बारावीनंतर पदवी किंवा पदविका करता येते. पण सोनोग्राफी त्याला करता येत नाही. कायद्याने ते काम पात्र डॉक्टरांचंच. चार-सहा महिन्यांचं सर्टिफिकेट देऊन 'लगेच नोकरी' सांगणाऱ्या क्लासवाल्यांकडे पैसे भरण्याआधी पालकांनी मान्यतेचा कागद मागावा.

रत्नागिरी, सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. तिथल्या एक्स-रे विभागात आमच्या शाळांची सहल एकदा तरी न्या. गणपतीपुळे मुलांनी दहादा पाहिलंय.

– एक वाचक, राजापूर