दोन वर्षांत समुद्र कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मरीन म्हणजे बोटीत बसवलेलं पायदळ, त्याचा वेगळा खर्च कशाला, असं कालच्या अंकातल्या लेखात ठरवून टाकलंय. वाचून रात्री झोप लागली नाही. मी चेंदणी कोळीवाड्यातला, सतरा वर्षं पायदळात काढलेला.

आमची पलटण किनाऱ्यावर उतरण्याच्या सरावाला गेली होती. पोरं सातारा-बीडकडची, निम्म्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. जहाजाच्या पोटात डिझेलचा वास, रात्रभर ओकाऱ्या. पहाटे जहाजाचं तोंड उघडून रॅम्प खाली गेला. कंबरभर सांगितलेलं पाणी छातीला लागलं. माझ्या पुढचा माण तालुक्यातला गडी पाठीवरच्या पिट्ठूसकट आडवा झाला. कॉलर धरून ओढला म्हणून वाचला. तो भित्रा नव्हता, डोंगर चढताना आम्हाला मागे टाकायचा. त्याला पाण्याची सवय नव्हती, एवढंच. पुढे दोन वर्षांत पोरांना भरती-ओहोटी जरा कुठे उमगायला लागली, तर पलटणीची बदली बर्फात. जागी आलेल्या नव्या पलटणीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मरीन वेगळे ठेवतात ते यासाठी. ब्रिटिशांचे १६६४ पासून आहेत, अमेरिकेचे १७७५ पासून. दोन्हीकडे ते नौदलाशी जोडलेले, जहाजावर राहणं आणि किनाऱ्यावर उतरणं हीच त्यांची आयुष्यभराची नोकरी. फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीत १९४४ साली अमेरिकेचं पायदळच उतरलं, हे लेखकाचं म्हणणं खरं आहे. पण त्या पायदळाने आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर महिनोन्महिने तोच सराव केला होता, हे का लिहिलं नाही? आणि आपलं कॉक्स बाजार? डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धात, तिथल्या किनाऱ्यावर घाईघाईत गुरखा जवान उतरवले, पाणी अंदाजापेक्षा खोल निघालं आणि शत्रूची गोळी न लागता आपली माणसं बुडाली. त्यांचा लेखात एका ओळीनेही उल्लेख नसावा?

लेखासोबतचा फोटोही चुकलाय. त्यातले जवान मरीन नव्हेत, मार्कोस आहेत, १९८७ साली उभे राहिलेले नौदलाचे कमांडो. मोजकी माणसं, छुप्या कामाची. अख्खा किनारा ताब्यात घेऊन धरून ठेवणं हे त्यांचं काम नव्हे. दुरुस्ती छापावी ही विनंती.

मागे खाडीतल्या गाळाबद्दल पत्र पाठवलं, तेव्हा आमच्या होड्या कुठे रुततात तेवढाच भाग आपण कापला होता. हे पत्र कृपया पूर्ण छापावे.

आपला,
एक माजी सैनिक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे