माग थांबवणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या यंत्रमाग कारखान्यात आमच्या चित्रपट मंडळाला विम वेंडर्स यांचा 'टोकियो-गा' हा माहितीपट दाखवता आला, त्याबद्दल आपले मनापासून आभार. समोर येऊन हे बोललो असतो, तर आपण चहा मागवून विषय बदलला असता, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे.

ज्या सभागृहाने आधी होकार दिला होता, त्याने ऐनवेळी ती तारीख एका सत्कार समारंभाला दिली आणि 'जपानी पिक्चर बघायला सोलापुरात कोण येणार' असेही वर ऐकवले. (दिग्दर्शक जर्मन आहेत, पण तेवढी चौकशी करण्याची तसदी कोणी घेतली नाही.) आपण मात्र माग किती वेळ बंद ठेवावे लागतील, एवढेच विचारलेत. मजुरीचा हिशोब जिथे विणलेल्या मालावर होतो, तिथे दीड तासाचे मोल आपल्याला आमच्याहून नेमके ठाऊक होते. तरीही माग थांबले, कोणाची मजुरी कापली गेली नाही आणि बसायला गोदामातल्या चादरी अंथरल्या गेल्या.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंच्या चित्रपटांतले टोकियो शोधायला वेंडर्स १९८३ साली तिथे गेले, तेव्हा त्यांना दिसली ती पाचिन्को या जुगारासारख्या खेळाच्या यंत्रांपुढे तासन्‌तास बसलेली माणसे आणि हॉटेलांच्या काचेआड मांडायचे मेणाचे खाद्यपदार्थ. ओझूंचे छायाचित्रकार युहारू अत्सुता कॅमेरा जमिनीलगत कसा लावत, हे स्वतः दाखवतात. चादरीवर मांडी घालून बसलेल्या आपल्या कामगारांना ती उंची समजावून सांगावी लागली नाही. पुढे ओझूंच्या आठवणीने वृद्ध अत्सुतांना रडू कोसळले आणि नेमके तेव्हाच शेजारच्या कारखान्यातले माग सुरू झाले. आपण उठून बाहेर गेलात, थोड्याच वेळात खडखडाट थांबला आणि आपण येऊन मागे दाराशी बसलात. शेजाऱ्यांना काय सांगितलेत, हे आपण आजवर बोलला नाहीत. कलेला आश्रय दिल्याचे व्यासपीठावरून सांगणारे आपल्या शहरात पुष्कळ आहेत. तिच्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाऊन शब्द टाकणारा कारखानदार मी त्या संध्याकाळी पाहिला.

ओझूंचा १९५३ सालचा 'टोकियो स्टोरी' याच जागी दाखवावा, अशी आमची इच्छा आहे. तो सव्वादोन तासांचा आहे. आपली संमती असल्यास त्या वेळेची मजुरी या खेपेस आमच्या मंडळाला देऊ द्यावी आणि शेजाऱ्यांनाही आमच्या वतीने आमंत्रण द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक चित्रपटप्रेमी, सोलापूर