रुबेलाचा मुद्दा राहूनच गेला
रविवारच्या पुरवणीतला ऑटिझमवरचा (म्हणजे स्वमग्नतेवरचा) लेख वाचला, चांगलाच आहे पण गरोदरपणातल्या रुबेलाचा (अंगावर पुरळ आणणाऱ्या विषाणूजन्य तापाचा) त्यात उल्लेखच नाही हे खटकलं. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. स्टेला चेस यांनी आईच्या पोटातच रुबेला झालेली २४३ मुलं तपासली, तर १० जणांना पूर्ण ऑटिझम आणि आणखी ८ जणांत काही लक्षणं दिसली, एरवीपेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येक तापाने असं होतं असं अजिबात नाही, आयांनी स्वतःला दोष देऊ नये. पण लसीनेच ऑटिझम होतो या अफवेपायी आमच्या सोसायटीत एका बाळाच्या लसीकरण कार्डावर एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) रकाना कोराच पाहिला आणि जीव तुटला, अहो हीच लस तर रुबेला अडवते! लग्न ठरलेल्या मुलींनीही या लसीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावं, कारण गरोदरपणात ती देत नाहीत.
– एक वाचक, पुणे