पडत्या बाजारात सगळ्यांना एकच सल्ला कसा चालेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेअर बाजार आपटला की दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर लाल बाण येतो, 'गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी पाण्यात' असा मथळा येतो, आणि आतल्या पानावर 'घाबरू नका, गुंतवणूक चालू ठेवा' हा तज्ज्ञांचा सल्ला. आमच्या कॉलनीत दोन्ही वाचले जाते. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. हिशेब कळतो म्हणून शेजारपाजारची माणसे म्युच्युअल फंडांची स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे येतात. मी कुठल्याही फंडाची वितरक नाही आणि या कामाचे पैसे घेत नाही. तरीही जे पाहते आहे ते आपल्या वाचकांपुढे यावे असे वाटते.

फेब्रुवारी 2025 मध्ये पाठोपाठ दोघे आले. पहिले एसटीतून निवृत्त झालेले वाहक. ग्रॅच्युइटी आणि पीएफचा मोठा हिस्सा त्यांनी ऑगस्ट 2024 मध्ये एका स्मॉल कॅप फंडात, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, एकरकमी टाकला होता. "एफडीत आता काय राहिलंय, असं बँकेतला पोरगा म्हणाला, मॅडम." मी अर्जाची प्रत मागितली. जोखीम किती पेलवेल या प्रश्नासमोर 'जास्त' या चौकोनात खूण होती. ती त्यांनी केलेली नव्हती. भरलेला अर्ज समोर आला आणि त्यांनी सही केली. ईपीएस-95ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी, तुटपुंजी पेन्शन असलेल्या माणसाला एवढी जोखीम पेलते, असे कागदावर सिद्ध झाले होते! सप्टेंबर 2024 नंतरच्या पाच महिन्यांत स्मॉल कॅपचे निर्देशांक 20 टक्क्यांहून अधिक घसरले. मुलीचे लग्न मे महिन्यात. बँकेत विचारले तर उत्तर मिळाले, "थांबा, वर येईल."

दुसरा तिशीतला, एमआयडीसीत नोकरी करणारा. मुलगी चार वर्षांची. तिच्या शिक्षणासाठी दरमहा 5,000 रुपयांची एसआयपी, म्हणजे फंडात नेमाने जाणारा हप्ता, होती. ती त्याने मथळे वाचून मोबाइलवरून बंद करून टाकली. असे करणारा तो एकटा नव्हता. जानेवारी ते मार्च 2025 या तिन्ही महिन्यांत नव्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या आणि मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या जास्त होती, असे म्युच्युअल फंडांच्या 'अँफी' या संघटनेचीच आकडेवारी सांगते.

म्हणजे ज्याला थांबणे परवडत नव्हते त्याला थांबायला सांगितले गेले, आणि ज्याच्या हातात चौदा वर्षे होती तो पळाला. बाजार दोघांसाठी तोच होता. पैसे कधी लागणार, हे मात्र दोघांनाही कुणी विचारले नाही.

'वर येईल' हे खरे असते, पण कधी? 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडून 25,981 वर बंद झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याने नवा उच्चांक गाठला. हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असते. 2008चे कुणी काढत नाही. त्या जानेवारीत 20,800च्या पुढे गेलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,160 पर्यंत आला, नोव्हेंबर 2010 मध्ये जुनी पातळी दिसली, पुन्हा घसरला, आणि ती पातळी कायमची मागे पडायला 2014 उजाडले. जपानच्या निक्केईला तर डिसेंबर 1989चा उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी 2024 पर्यंत वाट पाहावी लागली. मे महिन्यातल्या लग्नाला यातले कुठले वेळापत्रक चालणार?

म्हणून वाहकभाऊंना मी सांगितले, लग्नाला लागणारी रक्कम आजच काढा, तोटा सोसून काढा. हा तोटा आयकर विवरणपत्रात मुदतीत दाखवला, तर पुढच्या आठ वर्षांतल्या शेअर-फंडांच्या नफ्यातून वजा करता येतो, हेही त्यांना कुणी सांगितले नव्हते. महिन्याचा खर्च भागवण्यासाठी लागणारी रक्कम टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवली. तिथे तेव्हा 8.2 टक्के व्याज होते आणि ते दर तिमाहीला हातात येते. उरलेले थोडे फंडात राहू दिले. पोटाला चिमटा न काढता ते दहा वर्षे तिथे पडून राहू शकते.

एमआयडीसीतल्या मुलाला कागदावर आकडे मांडून दाखवले. इंडेक्स फंड निर्देशांकातलेच शेअर घेतो, त्यामुळे त्याच्या युनिटचा, म्हणजे एका हिश्श्याचा, भाव निर्देशांकाबरोबर हलतो. निफ्टी 12,000 असताना ज्या इंडेक्स फंडाचे युनिट 120 रुपयांना पडते, तेच निफ्टी 7,610 वर आला की 76 रुपये 10 पैशांना मिळते. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी तिथेच बंद झाला होता. 5,000 रुपयांत आधी 41.67 युनिट येत होते, आता 65.70 येतात. मुलीचे शिक्षण 2039च्या आसपास असेल, तर तिच्या बापाला आज बाजार पडलेलाच बरा. फक्त एक विचारले: नोकरी गेली तर सहा महिन्यांचा घरखर्च आणि घराचा हप्ता बाजूला आहे का? नव्हता. मग एसआयपी 3,000ची कर आणि 2,000 आवर्ती ठेवीत टाक, असे ठरले. नाहीतर नेमक्या मंदीत नोकरी जाते आणि नेमक्या तळाला युनिट विकावे लागतात.

स्वतःपुरते म्हणाल तर मला जुनी पेन्शन आहे, म्हणून बचतीतला 40 टक्के हिस्सा मी शेअर फंडात ठेवते. दर एप्रिलला ताळा घेते. 2020 मध्ये तो हिस्सा तिसाच्या खाली गेला होता, तेव्हा मुदत संपलेली ठेव इंडेक्स फंडात टाकून तो चाळिसावर आणला. एप्रिल 2024 मध्ये तो पन्नासाच्या वर गेला, तेव्हा विकून कर भरला आणि ठेव केली. त्या वेळी विकताना घरात सगळ्यांनी वेड्यात काढले, कारण बाजार रोज वर जात होता. वादळात काय करायचे हे अशा शांत दिवसांतच ठरवावे लागते, आणि वर्तमानपत्रे त्या दिवसांत याविषयी काहीच लिहीत नाहीत.

खरा पैसा कुठे जातो, त्याची बातमी मात्र छोटी येते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या 'सेबी'च्या सप्टेंबर 2024च्या अहवालानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरच्या मुदतीच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक होता. हा तोटा बाजार सावरल्यावर भरून निघत नाही. पडत्या दिवसांत 'एका फटक्यात वसूल करू' म्हणून याच दारातून आत जाणारी तरुण मुले मी आमच्याच गल्लीत पाहते.

आपल्याला विनंती आहे, पडझडीच्या दिवशी मथळ्याखाली एक छोटी चौकट द्या. निर्देशांक एक, पाच आणि दहा वर्षांपूर्वी कुठे होता, ठेवींचे आणि टपाल योजनांचे त्या दिवशीचे दर काय, आणि तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात असेल तर काय करावे, एवढे त्यात असावे. 'घसरणीत कोणते शेअर घ्यावेत' ही यादी त्या दिवशी छापू नये. आणि बँकेच्या काउंटरवर भरून दिलेल्या अर्जावर सही करण्यापूर्वी जोखमीचा रकाना स्वतः वाचा, हे ज्येष्ठांसाठी ठळक अक्षरांत वारंवार छापावे.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा